ईसीजी नॉर्मल आला, तरी धडधड का होते? आणि दवाखाना कधी गाठायचा?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: रात्री डाव्या कुशीवर पडलं की मध्येच ठोका चुकतो आणि मागोमाग छातीत एक दणका बसतो. अधूनमधून काही मिनिटं नुसतीच धडधड चालते. ईसीजी नॉर्मल आला, पण धास्ती गेली नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट. धडधड चालू असताना शुद्ध हरपली, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दाबल्यासारखं दुखलं, बसल्या जागी धाप लागली, दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हात लुळा पडला, तर पुढचं वाचत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जायचं नाही, कारण वाटेत भोवळ आली तर दोन अपघात होतील. आधी हार्ट अटॅक येऊन गेला असेल, हृदयाची पंपिंगची ताकद कमी असेल किंवा हृदयात यंत्र बसवलेलं असेल, तर यातलं एकही लक्षण नसताना सुरू झालेली सलग वेगवान धडधडही तातडीचीच समजा.

आता त्या नॉर्मल ईसीजीबद्दल. नेहमीच्या ईसीजीत साधारण १० सेकंदांची नोंद होते. हृदय दिवसभरात सुमारे १ लाख ठोके देतं, त्यातले दहा-बारा ठोके त्या कागदावर उमटतात. धडधड नसताना काढलेली पट्टी धडधडीच्या वेळी काय चाललं होतं ते सांगू शकत नाही. म्हणून ती वाया गेली असं मात्र नाही. जुन्या अटॅकच्या खुणा, लांबलेला क्यूटी (ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीनं पूर्ववत व्हायला लागणारा वेळ), हृदयात जन्मजात असलेली विजेची जादा वाट या गोष्टी धडधड नसतानाही पट्टीवर दिसू शकतात. त्या नाहीत हे कळलं, तेवढा दिलासा खरा आहे.

ठोका चुकतो तेव्हा खरं म्हणजे तो चुकलेला नसतो, वेळेआधी पडलेला असतो. लवकर पडल्यामुळे हृदयात रक्त पुरेसं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका जाणवत नाही. त्यानंतर जरा लांब विराम पडतो, हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. घाबरवणारा तो दणका हा पूर्ववत झालेला ठोका असतो, बिघडलेला नव्हे. रात्रीच हे का जाणवतं? विश्रांतीत गती कमी असते, दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेत असे आगंतुक ठोके सहज शिरतात. शिवाय डाव्या कुशीवर हृदयाचं टोक छातीच्या भिंतीला जास्त टेकतं. बहुतेक निरोगी माणसांमध्ये २४ तासांच्या नोंदीत असे थोडेफार ठोके सापडतातच. व्यायाम सुरू केल्यावर ते नाहीसे होत असतील तर सहसा काळजीचं कारण नसतं. व्यायामानं वाढत असतील तर मात्र तपासून घ्या.

काही मिनिटं चालणारी धडधड वेगळी. तिच्या बाबतीत किती वेगानं यापेक्षा कशी सुरू होते आणि कशी थांबते, हे जास्त उपयोगी पडतं. हळूहळू चढून हळूहळू उतरणारी, १०० ते १४० च्या घरातली नियमित धडधड बहुधा हृदयाची स्वतःचीच लय असते, फक्त वेग वाढलेला असतो. कारण दुसरीकडे सापडतं: ताप, पाणी कमी पडणं, रक्तक्षय, थायरॉईडचा अतिरेक, मधुमेहाच्या औषधांनी साखर उतरणं, काळजी. याउलट बटण दाबल्यासारखी सुरू होणारी, १५० ते २२० च्या वेगानं घड्याळासारखी नियमित चालणारी आणि तशीच खटकन थांबणारी धडधड म्हणजे बहुतेक वेळा एसव्हीटी, म्हणजे हृदयात विजेचा प्रवाह गोल फिरत राहिल्यानं होणारी धडधड. अशा वेळी गळ्यात ठोके उडताना जाणवतात, काहींना थांबल्यावर भरपूर लघवी होते. हे नुसतं पॅनिक आहे म्हणून वर्षानुवर्षं परत पाठवले गेलेले रुग्ण, विशेषतः तरुण स्त्रिया, याच गटातले असतात. घाबरल्यानं धडधड होते हे खरं, पण धडधडीनं माणूस घाबरतो हेही तितकंच खरं. आधी धडधड झाली की आधी भीती वाटली, ते आठवून डॉक्टरांना सांगा.

तिसरा प्रकार पूर्ण अनियमित, ज्यात कुठलाच ताल सापडत नाही. हा एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विस्कळीत थरथर, असू शकतो. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. म्हणून त्रास कमी असला तरी एक-दोन दिवसांत ईसीजी काढायचाच. रक्त पातळ करणारं औषध लागेल का, हे वय, रक्तदाब, मधुमेह वगैरे पाहून ठरतं. स्वतःच्या मनानं अ‍ॅस्पिरिन घेणं हा त्यावरचा इलाज नाही.

हे ओळखायला नाडी बघता आली पाहिजे. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. अंगठ्यानं बघू नका, त्यातली स्वतःची नाडी फसवते. नियमित असेल तर ३० सेकंद मोजून दुप्पट करा, अनियमित असेल तर पूर्ण मिनिट मोजा. तोच ताल टेबलावर बोटानं वाजवून फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, डॉक्टरांना शंभर शब्दांपेक्षा ते लवकर समजतं. ३० सेकंदांचा ईसीजी काढणारं घड्याळ असेल तर धडधड चालू असतानाच काढून जपून ठेवा. घड्याळ नुसत्या हिरव्या प्रकाशावरून दाखवतं तो नाडीचा आकडा मात्र आगंतुक ठोके गाळतो, म्हणून तो अचानक ४० दाखवू लागला तरी आधी हातानं मोजा.

एसव्हीटीचं निदान आधीच झालं असेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर एक युक्ती घरी करता येते. रेलून बसा, सुई काढलेल्या १० मिलीच्या सिरिंजमध्ये दट्टा जेमतेम हलेल इतक्या जोरानं १५ सेकंद फुंका, फुंकणं थांबताच सपाट आडवं व्हा आणि दुसऱ्या कुणीतरी दोन्ही पाय ४५ अंशांपर्यंत उचलून १५ सेकंद धरावेत. हृदयाची गती मंदावणारी व्हेगस नर्व्ह (नस) चाळवली जाऊन विजेचा गोल फिरणारा प्रवाह तुटतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीनं ४३ टक्के रुग्णांची लय पूर्ववत झाली, नुसतं बसून फुंकणाऱ्यांची १७ टक्के. डोळे दाबणं किंवा मानेची नाडी चोळणं घरी करू नका. धडधड पहिल्यांदाच आली असेल तर घरी थांबवण्याच्या खटपटीत वेळ घालवण्यापेक्षा चालू असताना ईसीजी मिळवणं मोलाचं.

आता औषधांचा डबा उघडा. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल, थायरॉक्सिनचा जास्त झालेला डोस, वजन उतरवणाऱ्या गोळ्या यांनी धडधड होते. अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविकं, काही बुरशीनाशकं आणि मानसिक आजारांवरची काही औषधं क्यूटी लांबवतात. अशी दोन एकत्र आली किंवा जुलाबांनी पोटॅशियम उतरलं की धोका वाढतो. कॅफिन सगळ्यांना सारखं बाधत नाही. दोन आठवडे बंद करून फरक पडतो का बघा, उगाच जन्मभर सोडू नका. दारू आणि निकोटिनबद्दल मात्र अशी सूट देता येत नाही. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती आणि रक्तदाब कमी करणारं औषध) चालू असेल तर तो एकदम थांबवू नका, उलटून गती आणि रक्तदाब दोन्ही उसळतात.

दवाखान्यात हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), पोटॅशियम, मॅग्नेशियम, साखर आणि गरजेनुसार टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) होईल. त्रास रोज होत असेल तर २४ ते ४८ तासांचं होल्टर (अंगावर लावून सलग ईसीजी नोंदवणारं यंत्र) पुरतं. आठवड्यातून एकदा होत असेल तर ते रिकामं येण्याची शक्यता जास्त, तेव्हा ७ ते १४ दिवस छातीवर चिकटवून तशीच नोंद करणारा पॅच मागा. होल्टर लावल्यावर त्रासाची वेळ मिनिटासह लिहून ठेवा, नाहीतर लक्षण आणि पट्टी यांची जोडी जुळत नाही. अहवालात आगंतुक ठोके किती टक्के आहेत ते वाचा. एक टक्क्याच्या आत आणि इको चांगला असेल तर बहुधा औषधही लागत नाही. खालच्या कप्प्यांतले असे ठोके १० टक्क्यांच्या वर, म्हणजे दिवसाला १० हजारांपुढे गेले, तर कालांतरानं हृदयाची ताकद घटू शकते, म्हणून इको ठरावीक काळानं परत करावा लागतो.

घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, किंवा धावताना-पोहताना तुम्ही कधी बेशुद्ध पडला असाल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. तपासण्यांचा क्रम त्यानं बदलतो, आणि तोवर व्यायाम बंद ठेवायचा.