नलिकांबाहेर चमकतंय ते काय?

प्रश्न : उंदराच्या वृषणाच्या पॅराफिन छेदांवर एसवायसीपी३ची (अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांच्या अक्षावर बसणारं प्रथिन) अँटिबॉडी लावली. रेतोत्पादक नलिकांच्या मधल्या जागेतही चमक दिसते. अँटिबॉडी खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. प्राथमिक अँटिबॉडी (प्रथिनाला चिकटणारी) उंदरातलीच असेल, तर दुय्यम अँटिबॉडी (प्राथमिकला चिकटून चमक देणारी) ऊतीतल्या मूळच्या आयजीजीलाही, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडींनाही, चिकटते. सशातली प्राथमिक घ्या. प्राथमिक वगळून एक स्लाइड कराच. दोन्ही वगळूनही चमक उरली, तर ती बहुधा लायडिग पेशींची (नलिकांच्या मधल्या जागेतल्या, संप्रेरक बनवणाऱ्या) स्वतःची. अँटिबॉडीला प्रथिन सापडावं म्हणून ती लावण्याआधी छेद सायट्रेट बफरमध्ये, पीएच ६, ९५ अंशांना २० मिनिटं ठेवून त्यातच निवू द्या. घाई केलीत तर छेद सुटतात. प्राथमिक अँटिबॉडी १:१०० ते १:५०० पातळ करून पाहा. खरी खूण स्पर्मॅटोसाइटच्या (अर्धसूत्री विभाजनातून जाणारी पेशी) केंद्रकातच हवी, पॅकिटीन अवस्थेत (गुणसूत्रांच्या जोड्या पूर्ण जुळलेल्या असताना) जाड, सुटे धागे. नलिकेतल्या आधार देणाऱ्या सर्टोली पेशी कोऱ्या. ६ दिवसांच्या पिल्लाच्या वृषणात अर्धसूत्री विभाजन सुरूच झालेलं नसतं. निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे खूण दिसायलाच नको असा नमुना, म्हणून ते फार कामाचं.