वावर वेगळं, नातू वेगळा

काकाजी, नमस्कार.

दारव्हा तालुक्यातल्या गावातून तुम्ही लिहिलंत. वय 76. काकू दिवाळीआधी गेल्या. ज्या नातवाला दुसरीपर्यंत तुम्ही दोघांनी वाढवलं, तो आता पुण्यात आईबापाजवळ आहे आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर ‘हाय आबा’ म्हणून पळून जातो. मुलगा म्हणतो, वावर माझ्या नावावर करा अन् इकडेच राहायला या. तुम्ही विचारता, नाही म्हटलं तर नातूही तुटेल का?

नाही तुटणार. मुलाच्या एका वाक्यात दोन गोष्टी गुंतल्या आहेत. ‘राहायला या’ ही माया आहे, ‘वावर नावावर करा’ हा व्यवहार आहे. त्यांची उत्तरं वेगवेगळी द्या.

बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच वावर देऊन टाकल्याचा कागद, एकदा नोंदवलं की सहजी फिरवता येत नाही. मृत्युपत्र मात्र हयातीत केव्हाही बदलता येतं. पुढे कधी बक्षीसपत्र करायचंच ठरलं, तर सांभाळ करण्याची अट त्यातच लिहून घ्या. ती पाळली नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली एसडीओ (उपविभागीय अधिकारी) साहेबांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्याच्याही अडचणी असतील. पण घरात एवढं दुःख ताजं असताना कुणी सह्या करू नयेत. त्याला सरळ सांगा, “तुह्या मायचं वर्षश्राद्ध होऊ दे, मंग बसू.”

पुण्याला मात्र जा. महिनाभर राहून बघा, परत यायची तारीख आधीच सांगून ठेवा. 75 च्या वरच्यांना एसटी फुकट आहे, आधार कार्ड तेवढं जवळ असू द्या.

आता नातवाचं. नऊ वर्षांचं पोर ‘जेवला का, शाळेत गेला का’ याला किती वेळ उत्तरं देणार? तुमचं दोघांचं जमलं ते वावरात, गोठ्यात, हातानं काहीतरी करताना. तान्ह्या पोळ्याला त्याचा लाकडी बैल तुम्ही दरवर्षी रंगवून द्यायचे आणि तो अजून फळीवर आहे, असं तुम्हीच लिहिलंय. येत्या रविवारी तो बैल फोनसमोर धरा. शिंगं कोणत्या रंगाची करू, झूल कोणती घालू, त्यालाच ठरवू द्या. अर्धं काम बाकी ठेवा आणि सुनेला सांगा, पोळ्याला पोराला घेऊन या. सुनेलाच सांगा. शाळेच्या सुट्ट्या तिला ठाऊक असतात, आणि सासऱ्यानं आपल्याला विचारलं याचं तिलाही बरं वाटेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही दोन ओळीत जे उरकलंत, त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पहाटे तीनला जाग येते, एकदाच भाकर टाकता, पारावरही जावंसं वाटत नाही. काकाजी, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर ते नुसतं वय नसतं. उतारवयात उदासी पुष्कळदा झोप आणि भूक यांतूनच दिसते, आणि ती औषधानं, बोलण्यानं बरी होते. 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. तो फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर त्याच घडीला लावा, शेजाऱ्यालाही उठवा. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतील. तिथे ‘झोप येत नाही’ एवढंच सांगून गोळी घेऊन येऊ नका. काकू गेल्या, जेवण एका वेळेवर आलं, पार सुटला, हेही सगळं सांगा.

तुमची ताई