फोन एक, मुलं पाच

प्रश्न : नमस्कार ताई, मी सातवीला गणित-विज्ञान शिकवतो. गटात फोटो काढून शिकायचा उपक्रम घेतला पण दरवेळी एकच मुलगा फोन धरून बसतो, बाकीचे चौघं नुसते मागे फिरतात आणि शेवटी ढीगभर फोटो जमतात, शिकणं काही दिसत नाही. प्रत्येक गटाला जास्त फोन द्यावेत का?

उत्तर : नको सर, फोन एकच असू दे, फोटो कमी करा. १९७५ मध्ये कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तेव्हा एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद लागायचे, आता बोट दाबून धरलं की वीस फोटो तयार, मग विचार कोण करणार! म्हणून गटाला दहाच फोटो काढू द्या आणि वर्गात दाखवायचे फक्त तीन. ते तीन कुठले यावरून मुलं जी भांडतात ना, खरं शिकणं तिथेच होतं.

आणि एक नियम कडक पाळा. ज्याच्या हातात फोन तो फक्त बटण दाबणार, काय टिपायचं आणि कुठून टिपायचं ते बाकीचे ठरवणार, आणि दर फोटोला हात बदलायचा. पहिल्यांदा जाम गोंधळ होतो, होऊ दे.

गणितासाठी काटकोन शोधायला लावा. फळ्याचा कोपरा तिरकं उभं राहून टिपला की फोटोत तो ९० अंशांचा दिसतच नाही, कोनमापक लावला की मुलं म्हणतात फळा वाकडा आहे, दुसरं कोणीतरी म्हणतं कोनमापकच चुकीचा धरलाय. तुम्ही मध्ये बोलू नका प्लीज. समोरून परत फोटो काढायचं त्यांनाच सुचू दे, मग गोल घड्याळ बाजूने टिपलं की लंबगोल का दिसतं तेही आपोआप निघतं.

विज्ञानाला सावली घ्या. मोकळ्या जागी काठी उभी रोवा, शेजारी मोजपट्टी ठेवा, दर तासाला एक फोटो. उभं राहायची जागा खडूने आखायची नाहीतर फोटोंची तुलनाच होत नाही (हे आधी सांगायचं की त्यांना आपटू द्यायचं ते तुम्ही ठरवा, मी आपटू देते). प्रत्येक फोटोची वेळ फाइलमध्ये असतेच, त्यावरून सगळ्यात लहान सावली कधी होती ते शोधायचं. ती घड्याळात बरोबर बारालाच येईल असं नाही आणि पाच जणांना मिळून यावर डोकं खाजवायला भरपूर काम आहे.

मार्क फोटोच्या देखणेपणाला देऊ नका, तीन फोटोंखाली गटाने काय लिहिलं त्याला द्या. धूसर फोटोखाली नेमकं वाक्य असेल तर तोच भारी. कोणाचे चेहरे येणार असतील तर आधी परवानगी, कॅमेऱ्याचं लोकेशन बंद, आणि काम झालं की फोटो डिलीट, यात सूट नाही.

वेळेचं म्हणाल तर फोटो काढायला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, निवडायला अर्धा तास ठेवा. सावलीचं मात्र एका तासिकेत होणार नाही, त्या दिवशी इतर शिक्षकांना आधीच सांगून ठेवा की दर तासाला एक गट दोन मिनिटं बाहेर जाणार आहे.