त्वचेचं विचारा मोकळेपणाने: हायलुरॉनिक, व्हिटॅमिन सी आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सीरमबद्दल (चेहऱ्याला थेंबाथेंबाने लावायचं पातळ द्रव) दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. म्हणून या वेळी कातडीत ओलावा धरून ठेवणारं हायलुरॉनिक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन सी आणि त्याच्या आसपासचं एवढंच घेतलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

ताई, मी आयटीत आहे, वय २६, पुणे. सेलमध्ये हायलुरॉनिक आणि व्हिटॅमिन सी दोन्ही सीरम घेतले. आधी कुठलं लावू? एकत्र चालतात का? आणि वरून सनस्क्रीन लावलं की चेहऱ्यावरून पांढऱ्या बारीक वळ्या निघतात, ते काय असतं?

चालतात गं एकत्र, काही अडचण नाही. सकाळी तोंड धू, टॉवेलने टिपून घे, चेहरा नीट कोरडा होऊ दे आणि मग व्हिटॅमिन सीचे तीन-चार थेंब. हे पहिलं का, तर शुद्ध व्हिटॅमिन सी म्हणजे एल-अस्कॉर्बिक अ‍ॅसिड कातडीत शिरायला सीरमचा पीएच (आम्लतेचं माप) साडेतीनच्या खाली असावा लागतो, आणि खाली आधीच दुसरं काही थापलेलं असेल तर ते पातळ होतं, नीट पोचत नाही. मिनिटभर थांब, मग ओले हात चेहऱ्यावर फिरव आणि हायलुरॉनिक लाव, ते वाळायच्या आत मॉइश्चरायझर, आणि शेवटी सनस्क्रीन.

वळ्या निघतात त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच की प्रत्येक गोष्ट जास्त घेतलेली असते आणि एकावर एक घाईघाईत चोळलेली असते, त्यात हायलुरॉनिक मुळातच चिकट आणि सनस्क्रीन सिलिकॉनवालं असलं की दोघांचं मिळून गोळा होतं. हायलुरॉनिकचे दोनच थेंब घे, मॉइश्चरायझर पाच मिनिटं मुरू दे आणि सनस्क्रीन चोळू नकोस, थापटत लाव. तरी वळ्या आल्या तर सकाळचं हायलुरॉनिक बंद कर आणि रात्री लाव. सनस्क्रीन मात्र कमी करायचं नाही! तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढायची, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं.

अजून एक, बाटलीवर किती टक्के लिहिलंय ते बघ. पहिल्यांदा वापरत असशील तर १० टक्के भरपूर झालं. २० च्या वर गेलं तर कातडी जास्त शोषत नाही, फक्त चुरचुरतं. एकदा कातडीत मुरलं की व्हिटॅमिन सी दोन-चार दिवस टिकतं, त्यामुळे सुरुवातीला एक दिवसाआड लावलंस तरी काही बिघडत नाही.

रत्नागिरीहून: तीन महिन्यांपूर्वी व्हिटॅमिन सी सीरम घेतलं, तेव्हा पाण्यासारखं होतं, आता कोऱ्या चहासारखं दिसतंय आणि वास पण वेगळा येतोय. अर्धी बाटली शिल्लक आहे, महाग होतं हो, संपवू का?

नका संपवू. पैसे गेल्याचं वाईट वाटतं ते मला कळतं पण ते आता काम करणार नाही, वर चेहरा चुरचुरेल आणि बोटांना, भुवयांना पिवळट डाग पडतील ते वेगळंच. व्हिटॅमिन सी हवा, ऊन आणि उष्णता तिन्हींनी खराब होतं, आधी फिकट पिवळं, मग गडद पिवळं, मग तपकिरी. फिकट पिवळं झालं असेल तर वापरून लवकर संपवता येतं, तपकिरी झालं की टाकायचंच. (काही सीरम नवीन असतानाच किंचित पिवळसर असतात, विशेषतः व्हिटॅमिन सी टिकवायला घालतात त्या फेरुलिक अ‍ॅसिडवाले, म्हणून बाटली उघडली त्या दिवशीचा रंग फोटो काढून ठेवा, पुढे तुलना करता येते.)

पुढच्या वेळी घेताना ३० मिलीची नको, १५ ची घ्या. बाटली काळी किंवा गडद तपकिरी काचेची असावी आणि उघडल्याची तारीख वर पेनाने लिहावी. बाथरूममध्ये गीझरखालच्या फळीवर ठेवलेली बाटली मी कित्येकांच्या घरी बघते, तिथे वाफ आणि गरमी दोन्ही असते, त्यापेक्षा फ्रिजच्या दारात ठेवा. ड्रॉपर गालाला टेकवायचा नाही, हातावर थेंब घ्यायचे आणि झाकण लगेच घट्ट लावायचं. आणि तुमच्याकडचा उकाडा बघता मी तर म्हणेन की शुद्ध अस्कॉर्बिकच्या मागे लागूच नका, अस्कॉर्बिल ग्लुकोसाइड किंवा इथाइल अस्कॉर्बिक अ‍ॅसिड असं लिहिलेलं सीरम बघा, ही व्हिटॅमिन सीचीच जास्त टिकाऊ रूपं. परिणाम थोडा सावकाश दिसेल पण शेवटच्या थेंबापर्यंत टिकेल तरी.

साताऱ्याहून: सासूबाई म्हणतात, एवढं महागाचं कशाला, लिंबात व्हिटॅमिन सीच असतं की, साय आणि लिंबू लाव. खरं आहे का?

लिंबात व्हिटॅमिन सी असतं हे सासूबाईंचं बरोबर आहे. पण किती? १०० ग्रॅम रसात साधारण ४०-५० मिलिग्रॅम. १० टक्क्यांच्या सीरममध्ये तेवढ्यातच १० ग्रॅम असतं, म्हणजे जवळजवळ दोनशे पट. लिंबात खरं जास्त असतं ते सायट्रिक अ‍ॅसिड, आणि त्याने कातडी सोलवटते. त्याहून वाईट म्हणजे लिंबाच्या सालीतल्या आणि रसातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते, आधी लाल, कधी फोड, आणि मग काळे चट्टे जे महिनोन् महिने जात नाहीत. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर असे चट्टे अजूनच ठळक उठतात. सरबतासाठी लिंबं पिळून तसेच हात घेऊन उन्हात गेलेल्यांच्या मनगटावर असे ओघळाचे डाग मी पाहिलेत.

सायीला माझा विरोध नाही, थंडीत हातापायाला खुशाल लावा, पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्याला नको. लिंबू वरणभातावर पिळा. सासूबाईंना हे समजावून सांगा, त्यांना तुमची काळजी आहे म्हणूनच त्या सांगतायत.

आम्ही जैन आहोत, सांगली. हायलुरॉनिक अ‍ॅसिड प्राण्यांपासून काढतात असं ऐकलं. खरं का?

पूर्वी काढायचे. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं ते गायीच्या डोळ्यातून, आणि पुढे बरीच वर्षं कोंबड्याच्या तुऱ्यातून मिळवलं जायचं. आता सीरममध्ये असतं ते बहुतेक जिवाणूंकडून किण्वनाने तयार करून घेतलेलं. तरी पाकिटावर हिरवी शाकाहारी खूण आहे का ते बघून घ्या. घटकांच्या यादीत सोडियम हायलुरोनेट लिहिलेलं असेल तर गोंधळू नका, ते त्याचंच क्षाराचं रूप आहे.

नागपूर. हायलुरॉनिक लावलं की माझा चेहरा उलट जास्त ताणल्यासारखा होतो. हिवाळ्यात तर विचारूच नका. मग ते ओलावा देतं म्हणतात ते काय?

ओलावा देत नाही, ओलावा धरून ठेवतं. पाणी कुठून तरी यायला हवं ना? तुमच्याकडे हवा कोरडी, ऑफिसात एसी, आणि तुम्ही ते कोरड्या चेहऱ्यावर लावून वर काहीच लावत नसाल, तर ते वाळून त्याचा पापुद्रा ओढला जातो आणि चेहरा ताणतो. ओल्या चेहऱ्यावर लावा, लगेच वर जाडसर क्रीम. एवढं करूनही फरक नाही पडला तर सोडून द्या, खरंच सांगते. ग्लिसरीन असलेलं साधं मॉइश्चरायझर हेच काम करतं आणि बरंच स्वस्त असतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर पुष्कळांना हायलुरॉनिकची वेगळी बाटली लागतच नाही. सीरम आहे म्हणजे क्रीमपेक्षा भारी, असं काही नसतं.

लातूर, वय ४४. दोन्ही गालांवर वांग आहे. मेडिकलवाल्याने एक क्रीम दिलं, पंधरा दिवसांत चेहरा उजळला, म्हणून दोन वर्षं तेच लावते. आता बंद केलं की लाल होतं, आग होते, पुरळ येते. मुलगी म्हणते व्हिटॅमिन सी लाव. लावू का?

आत्ता अजिबात नको. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून त्या क्रीममध्ये स्टेरॉइड असावं असा मला दाट संशय आहे. ट्यूबवर बारीक अक्षरात मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं काही लिहिलंय का ते चष्मा लावून बघा. ही औषधं वाईट नाहीत, योग्य आजाराला थोडे दिवस लागतातच, पण चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली की कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात, लव वाढते, ऊन सोसत नाही, आणि सोडायला गेलं की नेमकं तुम्हाला होतंय तसं होतं. २०१८ मध्ये सरकारने अशा कितीतरी क्रीम्सवर चिठ्ठीशिवाय विकायला बंधन आणलं, तरी काउंटरवरून त्या मिळत राहतात याचा मला फार संताप येतो.

मनाने एकदम बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. ती ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, लातूरला सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये ओपीडी आहे, तिथे दाखवता येईल. कातडी शांत झाल्यावर वांगासाठी व्हिटॅमिन सी थोडी मदत करेल, कारण मेलॅनिन म्हणजे कातडीचं रंगद्रव्य तयार करणाऱ्या एन्झाइमला ते आवर घालतं, पण मुख्य इलाज सनस्क्रीनच, आणि तेही रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं. वांग नुसत्या यूव्ही किरणांनीच नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं आणि पांढरं सनस्क्रीन तो उजेड पुरेसा अडवत नाही.

आणि लेबल नसलेली, पार्लरमधून डबीत भरून मिळणारी क्रीम तर हातातही घेऊ नका. २०२३ मध्ये अकोल्याच्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींच्या किडन्यांना अशाच गोरं करणाऱ्या क्रीममुळे इजा झाली होती, मुंबईत केईएममध्ये तपासलं तेव्हा त्यात पारा सापडला. तीन-चार आठवड्यांत रंगच बदलून देते अशी कुठलीही क्रीम असेल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की तिच्यात आहे काय.

मुलगा नववीत आहे, रील्स बघून सीरम मागतोय.

नको. सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर, ग्राउंडवर जाताना सनस्क्रीन. पिंपल्स जास्त असतील तर डॉक्टरांना दाखवा, नुसत्या सीरमने ते जाणार नाहीत.

पाचवा महिना सुरू आहे. दोन्ही सीरम चालतील?

दोन्ही चालतात. रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन एची रूपं) असलेलं काही असेल तर ते मात्र आजच बाजूला ठेवा, नाइट क्रीमवर विशेष बघा, त्यात ते बऱ्याचदा असतं. या दिवसांत कातडी जरा नाजूक होते म्हणून नवीन सीरम आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून बघा, खाज नाही आली तर चेहऱ्याला. आणि पुढच्या तपासणीला जाताना दोन्ही बाटल्यांचा मागच्या बाजूचा फोटो तुमच्या डॉक्टरांना दाखवा.