मोसंबीची व्हिस्की सावर सपक का होते, कडू का पडते

व्हिस्की सावर म्हणजे व्हिस्की, लिंबू आणि साखरेचा पाक हलवून केलेलं आंबटगोड पेय. त्यात लिंबाऐवजी तेवढाच मोसंबीचा रस घातला तर पेय सपक झालं, फेस पाच मिनिटांत बसला आणि सकाळी काढून ठेवलेला रस रात्री कडू लागला, असं तुम्ही लिहिलंय. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

कागदी लिंबाच्या रसात साधारण ६ टक्के आम्ल असतं, मोसंबीच्या रसात १ टक्कासुद्धा नसतं. म्हणजे लिंबू काढल्यावर आंबटपणा गेलाच, वर मोसंबीची स्वतःची साखर वाढली. मोसंबी लिंबाच्या जोडीला घ्यायची, लिंबाच्या जागी नाही. शिवाय मोसंबीचा खरा वास रसात फारसा नसतोच, तो सालीत असतो. आपण नेमकी तीच फेकून देतो.

म्हणून आधी सालीचा पाक करा. दोन मोसंब्या कोमट पाण्यात घासून धुवा (वरचं मेण जायला हवं), पीलरने फक्त वरची पातळ साल काढा. पांढरा भाग आला की पाक कडवट होतो. साल १०० ग्रॅम साखरेत हाताने चुरडून झाकून ४-५ तास ठेवा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ओट्यावर ठेवली तर त्याहून लवकर काम होतं. साखर ओलसर आणि वासाची झाली की १०० मिली गरम पाण्यात विरघळवून गाळा. गॅसवर उकळू नका, वास उडून जातो. हा पाक फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो.

एका ग्लासाला: व्हिस्की ६० मिली, मोसंबीचा रस २५, कागदी लिंबाचा रस २०, हा पाक १५, अंड्याचा पांढरा बलक १५. लिंबू फार झोंबलं तर पाक ५ मिलीने वाढवा, लिंबू कमी करू नका. बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) असेल तर उत्तम. धुराच्या वासाची स्कॉच मात्र नको, मोसंबीबरोबर ती औषधासारखी लागते.

आता फेस. सगळं शेकरमध्ये घालून आधी बर्फाशिवाय १५ सेकंद जोरात हलवा. झाकण दाबून धरा, आतून ते उचललं जातं. मग बर्फ घालून १०-१२ सेकंद. तुमचा फेस बहुधा दोन कारणांनी बसला: पिवळ्या बलकाचा थेंब पडला असेल, किंवा बर्फ बाहेर राहून पाणी सुटलेला असेल. चाळीसच्या वर पारा असताना दोन मिनिटंही बर्फ ताटलीत ठेवायचा नाही, फ्रीजरमधून थेट शेकरमध्ये. अंडं कच्चंच जाणार, त्यामुळे ताजं आणि न तडकलेलं घ्या. ते नकोच असेल तर मीठ-सोडा न घालता शिजवलेल्या काबुली चण्यांचं दाटसर पाणी २५ मिली चालतं.

कडूपणाचा दोष तुमचा नाही, फळाचा आहे. ताज्या रसात लिमोनिन (रस कडू करणारं द्रव्य) जवळजवळ नसतं, पण पिळल्यानंतर आम्लामुळे ते हळूहळू तयार होतं आणि काही तासांत जीभेला कळतं. बिया चिरडल्या किंवा पडदे मिक्सरमध्ये गेले की अजून जास्त. म्हणून अर्धी कापून हाताने हलकं पिळायचं, लगेच गाळायचं आणि त्याच वेळी वापरायचं. पाहुणे सातला येणार असतील तर पाक आदल्या दिवशी करा, रस सात वाजता काढा.

जाता जाता: न्यूयॉर्क सावर या व्हिस्की सावरच्याच प्रकारात वर रेड वाइनचा थर तरंगतो, ते बघून आपल्याकडे डाळिंबाचा रस ओतायचा मोह होतो. तो तरंगणार नाही. कोरडी वाइन हलकी असते, डाळिंबाचा रस साखरेमुळे जड, सरळ तळाशी जातो. डाळिंब घालायचंच असेल तर ग्लासात आधी १० मिली रस ओता आणि वरून सावर गाळा, रंग खालून चढत जाईल. सोबत शेंगाचटणी ठेवणार असाल तर पाक ५ मिलीने वाढवा, तिखटावर आंबट फार बोचतं.