तुम्ही माझ्यासाठी कोणाशी बोललात?

प्रिय,

तुझं पत्र परवा रात्री वाचलं आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही. चार महिने टीमला हाताशी धरून तयार केलेला प्रस्ताव वीस मिनिटांत बाजूला पडतो, आणि ज्यांच्यावर भिस्त होती तेच मान खाली घालून कागद चाळत बसतात. हे सोसणं सोपं नाही. ‘सगळे आधीच ठरवून आले होते,’ असं तू लिहिलं आहेस. खरं आहे, ते ठरवूनच आले होते. पण त्यात काही कट होता असं मला वाटत नाही. त्या आठवड्यात कोणीतरी त्यांच्याशी बोललं होतं आणि ते कोणीतरी म्हणजे तू नव्हतीस, एवढंच.

मला जास्त टोचलं ते तुझं शेवटचं वाक्य. ‘मला राजकारण जमत नाही आणि जमवायचंही नाही. माझं काम बोलेल.’

हे वाक्य मीही अनेक वर्षं अभिमानाने म्हणत आले. एकट्याने काम करणाऱ्याला ते शोभतंही, कारण त्याची किंमत तो स्वतःच मोजतो. तुझ्या हाताखाली आज आठ माणसं आहेत. त्यांची पगारवाढ, बढती, कोणतं काम त्यांच्या वाट्याला येणार, कोणती अशक्य तारीख त्यांच्या गळ्यात पडणार, हे सगळं अशा खोल्यांमध्ये ठरतं जिथे त्यांना प्रवेश नाही. तिथे त्यांच्या वतीने बोलणारी तू एकटीच. तू राजकारणापासून लांब राहिलीस तर तुझे हात स्वच्छ राहतील आणि बिल त्यांच्या नावावर फाटेल.

हे कळायला मला एक चांगला माणूस गमवावा लागला. मी टीम सांभाळू लागल्याला वर्ष झालं होतं. वार्षिक मूल्यमापनाची बैठक होती, सगळे विभागप्रमुख एकत्र बसून कोणाला वर काढायचं ते ठरवणार होते. माझ्याकडचा एक जण निर्विवाद पुढे होता. मी त्याचे आकडे व्यवस्थित मांडले आणि बसले. माझ्या मते काम झालं होतं. शेजारच्या विभागाच्या प्रमुखाने मात्र गेले दोन महिने आपल्या माणसाचं काम जाईल तिथे सांगितलं होतं. त्याचं नाव निघालं तेव्हा खोलीतल्या चार जणांना तो माणूस आधीच ठाऊक होता. माझ्या माणसाचं नाव त्यातल्या तिघांनी पहिल्यांदा ऐकलं. जागा एक होती आणि ती गेली.

त्याला निकाल सांगायला मी बसले तेव्हा तो रागावला नाही. त्याने फक्त विचारलं, ‘तुम्ही माझ्यासाठी कोणाशी बोललात?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. शेजारच्या त्या प्रमुखाला मी तेव्हा मनातल्या मनात राजकारणी म्हटलं होतं. आज वाटतं, त्याने आपलं काम केलं होतं आणि मी माझं केलं नव्हतं.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते. निर्णय बैठकीत होत नाहीत, ते तिथे जाहीर होतात. जपानी लोकांकडे यासाठी एक सुंदर शब्द आहे, ‘नेमावाशी’. तो बागकामातून आलेला आहे. मोठं झाड एका जागेवरून दुसरीकडे हलवायचं असेल तर ते एका दिवसात उपटून चालत नाही. आधी त्याच्या मुळांभोवती हळूहळू खणत जायचं, मुळांना तयार व्हायला वेळ द्यायचा, मग झाड उचलायचं. तिथल्या कंपन्यांमध्ये हाच शब्द प्रस्तावाआधीच्या गाठीभेटींसाठी वापरतात. तू झाड थेट उपटून नेलंस गं. झाडात दोष नव्हता.

या गाठीभेटी कशा करायच्या हे जरा सविस्तर लिहिते, कारण चुका इथेच होतात. सगळ्यांत आधी आपल्या बाजूच्या लोकांकडे जायचा मोह होतो, तिथे बरं वाटतं ना! पण पहिलं जायचं ते ज्याला तुझ्या प्रस्तावाची झळ बसणार आहे त्याच्याकडे. ज्याची दोन माणसं तुझ्या कामात अडकणार, ज्याच्या बजेटमधून पैसे वळणार, ज्याने आजची पद्धत पाच वर्षांपूर्वी स्वतः बसवली, त्याच्याकडे. आणि जाताना चकचकीत, पूर्ण झालेलं प्रेझेंटेशन नेऊ नकोस. पूर्ण झालेल्या गोष्टीला माणूस फक्त हो किंवा नाही म्हणू शकतो. अर्धा कच्चा कागद ने आणि विचार, ‘यात तुमची अडचण कुठे होते?’ मग गप्प बस. उत्तर देण्याची घाई करू नकोस, खोडून तर अजिबात काढू नकोस. दहातल्या सात वेळा त्याचा आक्षेप रास्त असतो, निदान माझा अनुभव तसा आहे. तो आक्षेप प्रस्तावात आला की प्रस्ताव त्याचाही होतो आणि बऱ्याचदा सुधारतोही. उरलेल्या तीन वेळा, विरोध नेमका कशामुळे आहे ते तरी तुला आधी कळतं.

आता तू म्हणशील, यात आणि कानाला लागण्यात फरक काय? फरक आहे आणि तो ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. ज्या चार जणांशी तू वेगवेगळी बोललीस, ते उद्या एकत्र बसून ‘ती तुला काय म्हणाली?’ असं एकमेकांना विचारू लागले, तर तुझी झोप उडेल का? उडणार नसेल तर तू मशागत करते आहेस. उडणार असेल तर थांब.

दुसरी गोष्ट नकाशाची. भिंतीवर टांगलेला पदांचा तक्ता सगळ्यांनाच पाठ असतो. खरं काम चालतं ते दुसऱ्याच नकाशावर: कोण कोणाला सल्ला विचारतं, कोणाचा कोणावर भरवसा आहे. डेव्हिड क्रॅकहार्ट या अभ्यासकाने १९९० मध्ये एका छोट्या कॉम्प्युटर कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्यालयात सल्ल्यासाठी कोण कोणाकडे जातं हे ज्यांना अचूक माहीत होतं, त्यांना सहकारी जास्त वजनदार मानत होते, असं त्यात दिसलं. पद वेगळं धरूनही हा फरक उरत होता. गंमत बघ, स्वतः त्या जाळ्याच्या मध्यभागी नसलं तरी ते जाळं नीट दिसणं हीच एक ताकद आहे. तर एक दिवस कागद घेऊन बस. सिस्टिम बंद पडली की लोक आधी कोणाला फोन लावतात? अवघड प्रश्न आला की सगळ्यांच्या नजरा कोणाकडे वळतात? विषयपत्रिका कोण लिहितं? साहेबांच्या दालनातून बाहेर येणारा शेवटचा माणूस कोण असतो? तुझ्या त्या बैठकीआधी या चार प्रश्नांची उत्तरं तुला माहीत होती का, हे मला प्रामाणिकपणे लिही.

एक मात्र सांभाळ. या नकाशावर बऱ्याचदा पदाने लहान माणसं मोठ्या जागी दिसतात. त्यांच्याशी ओळख वाढवायची तर ओळखीसाठी वाढव. कामापुरतं गोड बोलणारं माणूस त्यांना लांबून कळतं, आणि ते विसरत नाहीत.

१९५९ मध्ये फ्रेंच आणि रेव्हन या दोन समाजमानसशास्त्रज्ञांनी सत्तेचे पाच आधार मांडले होते. पदाचा अधिकार, बक्षीस देण्याची क्षमता, शिक्षा करण्याची क्षमता, ज्ञान, आणि लोकांना आपल्याबद्दल वाटणारा आदर. पहिले तीन खुर्चीबरोबर येतात आणि खुर्चीबरोबर जातात. शेवटचे दोन तू कमावायचे. ते कमावण्याचा काळ म्हणजे तुला कोणाकडून काहीच नको असतं तो. दुसऱ्या विभागाचं काम अडलं असताना न मागता दिलेला एक दिवस, कबूल केलेल्या तारखेला पाठवलेला कागद, ‘माझं चुकलं’ हे वेळेवर म्हणणं. याबद्दल फार लिहीत नाही. हे तुला जमतं, मी पाहिलं आहे.

तुझं काम आपल्या नावावर खपवणाऱ्या त्या सहकाऱ्याबद्दल लिहिलं आहेस. पहिल्या वेळी अनवधान समज आणि एकट्याला गाठून शांतपणे सांग, ‘त्या अहवालात माझ्या टीममधल्या दोघींची नावं यायला हवी होती.’ पुष्कळ लोक तिथेच वरमतात. दुसऱ्यांदा झालं तर वाद घालू नकोस, पण पुढचं काम पूर्ण व्हायच्या आधीच त्याची टिपणं नावांसकट सगळ्यांना जाऊ देत. भर बैठकीत ‘हे माझं होतं’ म्हणून उठू नकोस. बरोबर असूनही तू त्या क्षणी लहान दिसशील.

आणि ते ई-मेल. वरिष्ठांना सीसीत ठेवून त्याने तुला टोचलं आणि तू रात्री साडेअकराला सगळ्यांना उत्तर पाठवलंस. माझ्या मते या महिन्यातली तुझी खरी चूक ही होती, प्रस्ताव नव्हे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गची लढाई जिंकल्यावर जनरल मीडने माघार घेणाऱ्या शत्रूच्या, म्हणजे जनरल ली यांच्या, सैन्याला निसटू दिलं, म्हणून राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन संतापले होते. त्यांनी मीडला जळजळीत पत्र लिहिलं. पुढे त्यांच्या कागदपत्रांत ते सापडलं ते पाकिटासकट आणि पाकिटावर त्यांच्याच हातची नोंद होती: मीडला, कधी न पाठवलेलं, सही न केलेलं. राग कागदावर उतरू दे, पण ‘टू’ची जागा रिकामी ठेवून लिही. सकाळी उठून त्या माणसाच्या टेबलापाशी जा किंवा फोन लाव. समोरासमोर तोच माणूस निम्मा मवाळ असतो.

आता जरा जड विषयाकडे येते, कारण हे सगळं वाचून ‘म्हणजे सगळ्यांना सांभाळून घ्यायचं’ असा अर्थ तू काढशील अशी मला भीती वाटते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर या अंतराळयानाच्या उड्डाणाबद्दल नासा आणि रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीत फोनवर बैठक झाली. ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उड्डाण नको, असं कंपनीचे इंजिनिअर सांगत होते, कारण थंडीत रॉकेटच्या सांध्यांमधली रबरी कडी नीट काम करणार नाहीत अशी त्यांना भीती होती. त्यांच्यातल्या रॉजर बोझोले यांनी जुलै १९८५ मध्येच लेखी इशारा दिला होता. आधी कंपनीने उड्डाण नको असंच कळवलं. नासाकडून नाराजी आली. कंपनीने फोन बाजूला ठेवून आपापसांत चर्चा केली. एका वरिष्ठाने दुसऱ्याला इंजिनिअरची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगितलं, आणि शेवटचा निर्णय फक्त व्यवस्थापकांनी घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं. सात माणसं गेली.

मी हा प्रसंग इतक्या वेळा वाचला आहे, तरी दर वेळी पोटात खड्डा पडतो. इंजिनिअर बरोबर होते आणि ते बोललेही. कमी पडले ते त्यांच्या आणि वरिष्ठांच्या मधल्या खुर्चीत बसलेले लोक. तू आता त्या मधल्या खुर्चीत आहेस. वर्षभर जमवलेलं वजन कशासाठी असतं विचारशील तर अशा रात्रीसाठी. रंग कोणता, नाव कोणाचं आधी, बैठक कोणाच्या दालनात, यावर ते उधळू नकोस, तिथे खुशाल माघार घे. माणसांच्या जिवाचा, पैशाच्या खोट्या हिशोबाचा, कोणाला नाहक बळी देण्याचा प्रश्न आला की मात्र हटायचं नाही, मग समोर कोणीही असो. आणि खोटं बोलल्याशिवाय जिथे टिकताच येत नाही, अशी जागा सोडून दे. मी एकदा सोडली आहे.

तुझ्या टीमबद्दल एक गोष्ट राहिली. तू राजकारणापासून लांब असलीस तरी तुझ्याभोवती ते सुरू झालं आहे, तुला दिसलं नसेल. कोणी तुझ्याकडे येऊन दुसऱ्याची चुगली करेल. ती तुला भेट म्हणून दिलेली असते, घेतलीस की तू देणेकरी. मी एवढंच विचारत असे, ‘हे त्याला सांगितलंस का? चल, दोघं मिळून सांगू.’ दोन-तीनदा असं झालं की येणं थांबतं. चांगलं काम एकाच आवडत्या हातात जात नाही ना, ते महिन्याकाठी तपास. आणि बैठकीत नेहमी बोलणारं कोणी अचानक गप्प झालं तर त्याच दिवशी त्याच्याशी बोल. उद्यावर टाकू नकोस.

तुझ्या प्रस्तावाचं म्हणशील तर हा महिना तो बाहेर काढू नकोस. बैठकीत सगळ्यांत आधी विरोधात जे बोलले, त्यांच्याकडे या आठवड्यात जा. फाईल नेऊ नकोस, लॅपटॉपही नको. त्यांना विचार की तुमच्या जागी मी असते तर मला कशाची काळजी वाटली असती. ते जे म्हणतील ते मला लिहून कळव, पण फक्त त्यांचे शब्द. त्यावरचं तुझं मत पुढच्या पत्रात.

तुझी,
एकेकाळची बॉस