अमेरिकेतल्या न्यू जर्सीत आमच्या मागच्या अंगणातल्या फीडरवर (पक्ष्यांसाठी खाणं टांगायची सोय) सुतार पक्ष्यांची जोडी येते, पण दोघांचा एकत्र फोटो मिळत नाही. काय करावं?

तुम्ही वर्णन केलंय तसे, म्हणजे काळे-पांढरे, चिमणीहून जरासे मोठे आणि एकाच्याच डोक्यामागे लाल ठिपका असेल, तर ते डाउनी वुडपेकर. लाल ठिपकेवाला नर. फक्त चोच एकदा नीट बघा. डोक्याच्या लांबीपेक्षा बरीच आखूड असेल तर डाउनी, जवळपास डोक्याएवढी असेल तर त्याच्यासारखाच दिसणारा हेअरी वुडपेकर. मीही न्यू जर्सीतच राहतो, इकडे दोन्ही बारा महिने दिसतात.

दोघं एकदम सुएटच्या, म्हणजे गुरांच्या चरबीच्या, जाळीला लटकतील याची वाट बघत बसू नका, ते क्वचितच होतं. नर मादीला हुसकावतो. रानातसुद्धा बारीक फांद्या तो अडवून ठेवतो आणि तिला खोडावर, जाड फांद्यांवर खाणं शोधावं लागतं. म्हणून तिच्या थांबण्याचीच सोय करा. साल न काढलेला वाळका ओंडका फीडरच्या शेजारी उभा बांधा. ओंडका आणि जाळी कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवीत, म्हणजे दोघंही फोकसमध्ये येतील.

दुसरं, जाळी तुमच्याकडे तोंड करून टांगू नका. मग पक्ष्याची नुसती पाठ मिळते, डोळा दिसतच नाही. जाळी काटकोनात फिरवा. पक्षी आडवा दिसला की डोळा, चोच, मानेमागचा लाल ठिपका आणि टेकू दिलेली ताठ शेपटी, सगळं एका फोटोत येतं. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, महागड्या लेन्सने नाही.

शटरचा वेग 1/1000 सेकंदापेक्षा कमी नको. चोच मारताना डोकं इतकं झपाट्याने हलतं की तेव्हा 1/2000 सुद्धा कमी पडू शकतं, त्यामुळे दोन टोच्यांच्या मधली उसंत पकडा. ऊन पडलं की छातीचा पांढरा रंग फोटोत लगेच भगभगीत होतो, एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) थोडं कमीच ठेवा. ढगाळ दिवस उत्तम.

फेब्रुवारी-मार्चमध्ये खोडावर ताशासारखं वाजवणं सुरू झालं की जोडी जास्त वेळा एकत्र दिसते. जूननंतर मात्र टाळूवर लाल असलेलं पिल्लू नर समजू नका. मोठ्या नराचा लाल रंग डोक्याच्या मागे असतो.

सुएट घरात नको असेल तर बिनमिठाचे सोललेले शेंगदाणे जाळीच्या नळीत भरा, तेही आवडीने खातात. उन्हाळ्यात सुएट वितळून खवट होतं, तेव्हा तर शेंगदाणेच बरे. आणि फीडर खिडकीपासून एक तर मीटरभराच्या आत ठेवा, नाहीतर चांगला दहा मीटर लांब. मधल्या अंतरावरून उडालेला पक्षी वेगात काचेवर आदळतो.